उजवा खांदा, डावा खांदा

ताई, तू कितीही वेळा लिहिलंस तरी मी मानणार नाही, असं मी मागच्या पत्रात स्पष्ट कळवलं होतं. त्यावर तू दीड पान खर्चून पुन्हा तेच लिहिलंस, की त्या दिवशी लाकडाच्या वखारीपाशी तू माझा डावा खांदा दाबलास आणि मी शहाणा उजवीकडे वळून तुला, तुझ्या पिशवीला आणि मामाच्या मोटरसायकलीला घेऊन थेट भुशाच्या ढिगात शिरलो. अगं, किती वर्षं झाली त्याला! तो भुसा वखारवाल्याने केव्हाच विकला, गाडी मामाने भंगारात घातली, तुझ्या केसांत शिरलेला भुसाही आईने फणीने ओढून ओढून संपवला, पण आपलं भांडण आहे तिथेच आहे. मी म्हणतो तू उजवा दाबलास, तू म्हणतेस डावा. आणि वर तू लिहितेस की "लहानपणापासून तुला डावं-उजवं कळत नाही, चपला अजून उलट्या घालतोस." ताई, त्या एकदाच घातल्या होत्या आणि तेव्हा अंधार होता. बरं, ते असो. या पत्रात त्या भांडणाचा निकाल लागणार आहे, आणि तो माझ्या बाजूने लागणार नाही, म्हणूनच आधी जरा ओरडून घेतलं.

आता रीतीप्रमाणे. वयाने दोन वर्षांनी आणि अकलेने त्याहून पुष्कळ मोठ्या असलेल्या ताईला धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. आईच्या दोन्ही पायांवर डोकं (दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला जरा हळू). तुझा खोकला गेला का? आई औषध वेळेवर घेते की उशीखाली जमवते? शेजारच्या काकू अजून आपल्याच पायरीवर बादली उलटी करतात का? मी इकडे खुशाल आहे. काम तेच, हॉटेलांच्या चादरींची लाँड्री. दिवसभर एका टोकाने ओली चादर मोठ्या गरम रोलरमध्ये घालायची आणि दुसऱ्या टोकाने कडक बाहेर ओढायची. वाफ इतकी असते की समोरचा माणूस हसतोय की शिव्या देतोय ते कळत नाही, त्यामुळे आमच्यात भांडणं कमी होतात. जेवण बरं. झोप बरी. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस म्हणून हे सगळं लिहून पाठवतो आहे. सातवी पास माणसाचं पत्र आहे, चुका मोजू नकोस.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. लॅबच्या डॉक्टरांनी तुलाच बोलावून विचारलं, घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं काम कराल का, पगार चांगला वाढवून देतो, हे वाचून मी बाकावरच उठून उभा राहिलो. पुढचं वाचून खाली बसलो. स्वतःची गाडी हवी. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही सांगा, नाहीतर त्या नव्या मुलाला देतो, ज्याच्याकडे गाडी आहे, आणि (हे तू कंसात लिहिलंस, मी चार वेळा वाचलं) ज्याने टोचलं की म्हाताऱ्यांचा हात आठवडाभर निळा राहतो. तुझा हात किती हलका ते मला सांगायला नको. तू तान्ह्या बाळाचं रक्त घेतलंस तेव्हा बाळ झोपलेलं आणि बाळाची आई रडत होती, हे मी दारात उभा राहून पाहिलंय. आणि पत्राच्या शेवटी तू अगदी सहज लिहिलंस: "तुझा करार आता संपेलच. तू आलास की पहिल्यासारखं. तू पुढे, मी मागे. तुला अजून चालवता येते ना? आणि कोणती गाडी घ्यायची ते बघून ठेव, त्यातलं मला काही कळत नाही."

हे शेवटचं वाक्य, ताई, ते जरा लक्षात ठेव. त्यातलं तुला काही कळत नाही.

तर मी गाड्या बघायला लागलो. एवढ्या वर्षांत दुचाकीला हात लावलेला नाही. इथे कंपनीची बस खोलीवरून उचलते आणि खोलीवर टाकते, आम्हीही चादरींसारखेच मोजून. आमच्या ड्रायरवाल्याला मी सांगितलं (ओल्या कापडांचं मोठं पिंप फिरवतो म्हणून त्याला ड्रायरवाला म्हणतात, डोक्याला टक्कल, अंगाने भक्कम, मनाने अगदी ससा) की मला जुन्या गाड्यांच्या दुकानात जायचंय. तो म्हणाला, "तुला येते?" मी म्हटलं, "लेका, मी रोज सकाळी गर्दीतून ताईला कॉलेजात सोडायचो. माझ्याइतकी सफाईदार गाडी आमच्या भागात कुणाची नव्हती." हे मी खोटं बोललो नाही. मला तसंच वाटत होतं.

पहिलं दुकान म्हणजे पत्र्याचं कुंपण घातलेलं मोठं आवार, त्यात ओळीने उभ्या गाड्या आणि एक मालक, जो प्रत्येक गाडीच्या टाकीवर थाप मारून ती एकाच माणसाने वापरलेली आहे असं सांगत होता. त्याने माझं लायसन्स बघितलं, फोटोतल्या पोराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लाँड्रीचं ओळखपत्र तारण म्हणून ठेवून घेतलं. गाडी मी निवडली ती लाल, उंच, पुढे वाकून बसायची. (आधी मी तिच्या मागच्या सीटवर बसून पाहिलं. मालकाला वाटलं मला पुढचं-मागचं कळत नाही. पण मागे तू बसणार, तर मागचंच आधी बघायला नको का? मागची सीट म्हणजे भिंतीतल्या फळीएवढी. त्यावर फार तर रक्ताच्या नळ्या ठेवायचा तुझा बर्फाचा डबा बसला असता, आणि तू पळत मागून आली असतीस.) सुरू केली, तीन वेळा बंद पडली. मामाच्या गाडीचे चारही गिअर पुढे दाबायचे. हिचा पहिला खाली आणि बाकीचे पायाच्या बोटांनी वर उचलायचे. माझा पाय आपला मामाच्याच गाडीवर. मालक म्हणाला, पुढच्या कोपऱ्याला डावीकडे वळा, परत डावीकडे, परत डावीकडे, की इथेच याल. सोपं होतं. आवारातून निघालो, वारा लागला आणि ताई, काय सांगू, मी मोठ्याने गाणंच म्हणायला लागलो. किती वर्षं मी वाफेतच होतो! दुकानांच्या पाट्या वाचल्या, एक कुत्रं गच्चीवर कसं चढलं असेल त्याचा विचार केला, एका माणसाने हातात शिडी धरून सायकल चालवलेली पाहिली. कोपरा आला. कोपरा गेला. दुसरा आला, तोही गेला. मी सरळच. मनात कुठेतरी वाट बघत होतो, काय ते मलाही कळत नव्हतं. शेवटी रस्ताच संपला आणि मी एका सिमेंटच्या गोदामाच्या फाटकातून आत जाऊन पोत्यांच्या थप्पीसमोर थांबलो. पहारेकऱ्याने विचारलं, "किती पोती?" मी म्हटलं, मी परत जायला आलोय. तो म्हणाला, मग आलात कशाला? विचारत विचारत दुकानात पोचलो तेव्हा मालक रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं ओळखपत्र दाखवत होता.

तर मी कशाची वाट बघत होतो ते मला बसमध्ये उमगलं. खांद्याची. मला खांद्यावर बोट लागल्याशिवाय वळता येत नाही!

ड्रायरवाल्याला हे समजावून सांगायला मला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. की मी गाडी शिकलो तेव्हापासून माझं लक्ष रस्ता सोडून सगळीकडे. की दुसऱ्याच दिवशी मी एका केळीवाल्याच्या हातगाडीखाली तुझी ओढणी घालवली. की तिसऱ्या दिवसापासून तू मागे बसून माझे खांदे धरलेस ते सोडले नाहीस. डावा दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे, दोन्ही दाबले की थांब, पाठीच्या मधोमध बोट टोचलं की पुढे खड्डा आहे हळू हो, आणि गुद्दा म्हणजे हॉर्न वाजव. (कधी कधी गुद्दा हा नुसताच गुद्दा असायचा, ते मला बसल्यावर कळायचं.) तो म्हणाला, "म्हणजे तू काय करायचास?" मी म्हटलं, गाडी चालवायचो. त्याने टकलावरून हात फिरवला. मग म्हणाला, "बरं."

मी ठरवलं की माणूस मागे बसवूनच चालवून बघायची. ड्रायरवाला तयार होत नव्हता, त्याला महिनाभर कपडे इस्त्री करून देण्याच्या बोलीवर पटवला. डबा खायच्या खोलीत आम्ही दोन खुर्च्या एकामागे एक लावल्या, मी पुढे, तो मागे, आणि मी तोंडाने गाडीचा आवाज काढत त्याला शिकवू लागलो: डावीकडे वळायचंय, हं, दाब, आता बस आली, दोन्ही दाब. तो इमानाने दाबत होता. तेवढ्यात सुपरवायझरबाई दारात. दोन मोठे बाप्ये, एक दुसऱ्याचे खांदे धरून, दोघांचे डोळे मिटलेले (ते मीच सांगितलं होतं, सरावासाठी). बाई म्हणाल्या, "काय चाललंय?" ड्रायरवाला घाबरून म्हणाला, "गाडी." बाईंनी खुर्च्यांकडे बघितलं आणि विचारलं, "कुठे पोचलात?" मी म्हटलं, सिग्नलला आहोत. त्या म्हणाल्या, "सुटला सिग्नल. रोलर थंड होतोय."

पुढच्या सुट्टीला दुसरं दुकान. पहिल्या दुकानदाराने आम्हाला लांबून बघूनच फाटक लावलं होतं. या वेळी मी शहाणपणाने जुन्या घाटाची गाडी घेतली, सरळ बसायची, मामाच्या गाडीसारखा भरदार आवाज, मागची सीट ऐसपैस. तुझ्यासाठी हीच, असं मी जवळजवळ ठरवूनही टाकलं. ड्रायरवाला मागे चढला तेव्हा पुढचं चाक उचलतंय की काय असं वाटलं. निघालो. निघाल्याबरोबर त्याने दोन्ही खांदे घट्ट धरले. दोन्ही म्हणजे थांब, म्हणून मी थांबलो. "काय झालं?" "काही नाही." पुन्हा निघालो, पुन्हा त्याने धरले, पुन्हा थांबलो. आमच्या मागे गाड्यांची रांग लागली आणि लोक हॉर्न वाजवायला लागले, तसा तो आणखी घाबरला आणि आणखी घट्ट धरायला लागला. मी ओरडलो, "अरे सोड! वळायच्या वेळीच दाब!" त्याने एकदम सोडले आणि मग काहीच करेना. वळण तोंडावर आलं तेव्हा कुठे त्याला आठवलं आणि त्याने आपलं सगळं वजन घालून माझा डावा खांदा ढकलला.

आणि ताई, गाडी उजवीकडे गेली.

मी सांगतो कसं ते. मी त्या दिवशी दुकानाच्या फळीवर बसून, हातात मोडलेला आरसा घेऊन, खूप विचार केला. (गाडी दुकानासमोर लावलेल्या ओळीतल्या शेवटच्या गाडीला टेकली. टेकलीच फक्त, कुणाला काही झालं नाही, आरसा तेवढा गेला.) डावा खांदा हळू दाबला तर माणूस समजतो. पण भीतीने जोरात ढकलला, तर खांदा पुढे जातो, खांद्याबरोबर डावा हात पुढे जातो, हात पुढे गेला की हँडलची डावी बाजू पुढे जाते, आणि चाक फिरतं उजवीकडे. समोर खुर्ची उलटी धरून करून बघ. म्हणजे वखारीपाशी तू डावाच दाबला होतास. समोरून वखारीच्या गाडीचे बैल आले होते, तू घाबरलीस आणि ढकललास. तू बरोबर होतीस आणि मी मात्र इतकी वर्षं पत्रं घालून घालून तुला खोटी पाडत होतो. मला वाईट वाटतंय. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं.

पण त्याहून वाईट पुढे वाटलं. मी ड्रायरवाल्यावर चिडलो, म्हटलं, "तुला वळण दिसलं नाही का?" तो म्हणाला, "दिसलं ना. मला वाटलं तुलाही दिसलं असेल." "मग तू सांगायला बसलास कशाला? काय बघत होतास?" तर म्हणतो, "तुझ्या मानेवर तीळ आहे. तेवढाच दिसतो मागून." मी म्हटलं, ताईला बरं सगळं दिसायचं! आणि म्हणता म्हणता जीभ चावली. कारण तुला खरंच सगळं दिसायचं. माझ्या खांद्यावरून मान काढून तू बघायचीस. कोपऱ्यावरची बस आता निघणार हे तुला चालकाच्या हातावरून कळायचं आणि पाठीत बोट यायचं. पाऊस पडून गेला की पुलाखाली माती निसरडी होते म्हणून तिथे बोट आधीच यायचं. वळणाच्या किती आधी दाबायचं, म्हणजे मी गिअर उतरवीन आणि आपण हिसका न बसता वळू, हे तुझ्या बोटांत होतं. ड्रायरवाल्याला मी सगळ्या खुणा शिकवल्या, पण त्या कधी द्यायच्या ते शिकवता येईना, कारण ते मला माहीतच नव्हतं. मग मी काय करत होतो गं, इतकी वर्षं? मूठ पिळत होतो आणि पाट्या वाचत होतो. लोक म्हणायचे, पोरगा गर्दीतून काय सफाईने काढतो. तू मागे बसून ऐकायचीस आणि हसायचीस. एकदाही म्हणाली नाहीस.

आता तिसरं दुकान, ते ऐक आणि मग तुझं काय ते ठरव. हे एका बाईचं दुकान आहे, वयाने आपल्या मावशीएवढी, अंगात मोठ्ठा रेनकोट, पाऊस नसतानाही. ती बिनगिअरच्या स्कूटी विकते. तिथवर माझी कीर्ती पोचली असावी, कारण तिने मला किल्ली द्यायलाच नकार दिला. म्हणाली, मी चालवते, तू मागे बस आणि बघ. मी जन्मात कधी कुणाच्या मागे बसलो नव्हतो. बसलो. आणि ताई, मागे काही म्हणजे काही दिसत नाही! समोर रेनकोट. गाडी आता वळणार की थांबणार ते आपल्या हातात नाही, अंगात नाही, आपलं पोट मात्र आधी वळतं. पाय कुठे ठेवावे, हात कुठे धरावे, दुसऱ्याच्या अकलेवर जीव टांगून बसायचं. मला दोन मिनिटांत घाम फुटला. तू हे रोज केलंस, आणि उतरल्यावर जाऊन परीक्षा दिल्यास. तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून ट्रक निघताना दिसला आणि माझा हात आपोआप उठून बाईंच्या खांद्यावर पडला. बाईंनी स्कूटी कडेला घेतली, पाय टेकला, मान वळवली.

"हात काढ."

"ट्रक येत होता, बाई."

"मला दिसत नव्हता असं वाटलं तुला?"

"दिसत असेल."

"मग हात काढ. गाडी मी चालवतेय."

मी हात मांडीवर ठेवले, शाळेत ठेवायचो तसे. पुढचा सगळा रस्ता ती बाई आपली आपण चालवत होती, वळायच्या आधी हळू, पुलाखाली आणखी हळू, आणि मला राहून राहून वाटत होतं, ही अगदी ताईसारखी चालवते. उतरल्यावर मी विचारलं, तुम्ही कधी शिकलात? तर म्हणाली, डोक्यावर पांढरे केस आल्यावर, नवऱ्याची नजर गेली तेव्हा. पहिल्या दिवशी कपडे वाळत घालायची दोरी आणि तिच्यावरचे नवऱ्याचे दोन सदरे हँडलला अडकवून चौकापर्यंत गेली होती. "मग?" "मग काय, सदरे धुतले परत." एवढंच. वर तिने मला विचारलं, कुणासाठी बघतोयस? मी म्हटलं, ताईसाठी. "ती कुठे बसणार?" मी मागे म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, पुढे.

तर ताई, हा सगळा फापटपसारा एवढ्याचसाठी. तुझ्यासाठी गाडी निवडली आहे. तशी तिकडे मिळेलच. बिनगिअरची, हलकी, सीट खाली, दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकतील अशी (बसून बघ, दुकानदार "सवय होईल" म्हणाला तर उतर), पुढे पाय ठेवायच्या जागेत तुझा बर्फाचा डबा बसेल अशी. मागची सीट कशीही असली तरी चालेल. रंग तुझ्या मनाचा. रस्ता तुला येतो, ब्रेक कधी लावायचा ते येतं, माणसं कुठून अंगावर येतात ते येतं. राहिली फक्त मूठ, आणि ज्या हाताला तान्ह्या बाळाची शीर सापडते त्याला स्कूटीची मूठ सापडणार नाही असं कोण म्हणेल? पडशील एकदा. तू पूर्वीही पडली आहेस, माझ्यामुळे. या वेळी निदान स्वतःमुळे पड. उद्याच जाऊन डॉक्टरांना हो सांग. गाडी आहे म्हणून सांग. त्या निळ्या हातवाल्याला देऊ नकोस तुझं काम.

मला आता वाटतं, तेव्हाच एकदा तरी मी म्हणायला हवं होतं की ताई, तू पुढे बस. मामा ओरडला असता, आई ओरडली असती, वखारवाला हसला असता, पण तू बसली असतीस. आज तुला कुणाच्या येण्याची वाट बघावी लागली नसती. ते मला सुचलं नाही. मी पुढे होतो ना, मागचं काय सुचणार.

आईला नमस्कार पुन्हा एकदा. मामालाही, पण जरा लांबून.

तुझा, गर्दीतून सफाईने काढणारा,
धाकटा

ता. क. मामा शिकवायला येतो म्हणेल. येऊ दे, पायरीवर बसव, चहा दे, गाडीवर बसवू नकोस. त्याने मला शिकवलं त्याचं काय झालं ते तुझ्यासमोर आहे.

ता. क. दुसरं. तू आता हे पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचशील, मी "येतो" असं कुठे लिहिलंय ते शोधायला. शोधू नकोस, लिहिलेलं नाही. मी आणखी दोन वर्षांची सही केली आहे. सुपरवायझरबाईंनी मोठा रोलर माझ्या ताब्यात दिला, सगळ्यांसमोर, आणि म्हणाल्या, "तू थांब." ताई, मी इतक्या ठिकाणी कामं केली, तुला पाठ आहेत सगळी, सगळीकडून मी निघालो तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. थांब असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. माझी मान हलली. शिव्या द्यायच्या असतील तर फोनवर दे, मी मध्ये बोलणार नाही.

ता. क. तिसरं. आणि सही केली ती पहिल्या दुकानात जायच्या आधी. मग मी सराव कशाचा करत होतो, असं ड्रायरवाल्यानेही बसमध्ये विचारलं. त्याला म्हटलं, मनगट मोकळं होतं. खरं म्हणजे गाड्या बघत होतो तोवर मला, मी घरी येतोय, असं वाटत होतं.

ता. क. चौथं. आईला सहीचं मी सांगेन. तू फक्त हात बसला की पहिली फेरी तिला घेऊन मार. ती खांदे धरेल. धरू दे, ती रस्ता सांगायला धरत नाही, भीतीने धरते.

ता. क. शेवटचं. पैसे आज पाठवले. गाडीसाठी बाजूला ठेवलेले आणि परतीच्या तिकिटासाठी बाजूला ठेवलेले, दोन्ही मिळून, अक्षरी चौऱ्याऐंशी हजार सहाशे फक्त.